खंडेनवमीला घासलेला बॉल

अमेरिकन फुटबॉलची लीग सुरू कशी झाली, हे अख्ख्या डेव्हन ॲव्हेन्यूवर, म्हणजे इथल्या आपल्या देशी बाजारात, माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. मॅच मात्र मला अजून कळत नाही. सगळे एकमेकांवर पडले की मी आपला कुणाला लागलं का तेवढं बघतो.

हे ज्ञान मला एका गोऱ्या म्हाताऱ्यानं दिलं. मी सातवी नापास हलवाई. दोन हजार तीन साली आमचं मिठाईचं दुकान बंद पडलं, आणि चार महिने मी घरी. बायको ग्रोसरीत डाळी पॅक करून यायची, तेव्हा मी उगाच बाथरूममध्ये जाऊन बसायचो. शेवटी ओळखीतून, माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीमार्फत त्या म्हाताऱ्याकडे काम मिळालं. त्याला उठवायचं, बसवायचं, सूप द्यायचं. पंधरा दिवस ट्रायल. त्यानं हो म्हटलं तर पक्का.

बायको म्हणाली, "अहो, तिथं डोकं चालवू नका. ही नोकरी गेली तर मी बॅगा भरते."

म्हाताऱ्याचा बाप ओहायोत स्टीलच्या कारखान्यात होता. आठवडाभर भट्टी, रविवारी फुटबॉल. लीग नव्हतीच तेव्हा. प्रत्येक गावाची टीम, आणि प्लेयर असे बेरकी, की या रविवारी या गावाकडून खेळायचे, पुढच्या रविवारी खोटं नाव सांगून त्या गावाकडून. कंटाळून टीमवाले एका मोटारीच्या शोरूममध्ये जमले. खुर्च्या पुरेनात, म्हणून गाड्यांच्या पायऱ्यांवर बसले आणि तिथंच लीग काढली. हे मी चौदा दिवस रोज ऐकलं. रोज "ओ माय गॉड" म्हणालो.

कपाटावर बापाचा बॉल होता. चामड्याचा, पपईएवढा, काळा पडलेला.

चौदाव्या दिवशी आली खंडेनवमी. दुकानात असताना मी झारा आणि कढई पुजायचो. आता हत्यार कुठलं पुजू? व्हीलचेअर? ती तर एजन्सीची. मग डोक्यात आलं, आपलं पोट या बॉलवर आहे. त्याच्या गोष्टी ऐकायला माणूस हवा, म्हणून तर आपण इथं. पुजला तर नोकरी पक्की!

म्हातारा झोपला होता. हत्यार आधी स्वच्छ करायचं, हा आपला नियम. बॉल सिंकमध्ये घेतला, साबण लावला आणि तारेच्या घासणीनं कढईसारखा घासला. एका बाजूला पांढरं काहीतरी चिकटलेलं होतं, निघता निघेना. मी पण इरेला पेटलो. काढलंच. मग खोबरेल चोळलं, हळदकुंकू लावलं, झेंडू नव्हता म्हणून ब्रोकोलीचा तुरा ठेवला. उदबत्तीच्या वासानं म्हातारा जागा झाला.

त्यानं बॉल मांडीवर घेतला. उलटा केला. सुलटा केला. पांढरं होतं ती जागा बोटांनी शोधत राहिला.

"इथं लिहिलेलं होतं," तो म्हणाला. "दोन्ही गावांची नावं. स्कोअर. माझ्या बापानं स्वतःच्या हातानं रंगवलं होतं."

मी खाली बसलो. तोडक्यामोडक्या इंग्लिशमध्ये दसरा सांगितला, देव सांगितला, बायको सांगितली, मुलीची शाळा सांगितली. म्हटलं, "स्कोअर सांगा, मी परत लिहितो. पांढरा रंग आणतो, आत्ता आणतो."

म्हाताऱ्याच्या पायजम्याला तेल आणि कुंकू लागत होतं. पुसायला पुढं झालो तर त्यानं माझा हात झटकला. मग एजन्सीचा फोन आला. त्यानं उचलला, "नो" म्हणाला आणि ठेवला. कशाला नो, ते काही कळेना. मला वाटलं, सूपला मीठ हवं का विचारलं असेल. माणूस बुडायला लागला की काहीही वाटतं.

संध्याकाळी कोट घालून दारात उभा राहिलो. त्याच्या घराची चावी हातातून सोडवेना. विचारलं, "उद्या येऊ ना?"

तो म्हणाला, "तुझ्याआधीचा माणूस चोर होता. तो परवडला."