तिसरं मत

आमच्या साडूंइतका घाबरट माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरा नाही, आणि सरकार त्यांना या घाबरण्याबद्दल दरमहा पगार देतं. युद्धनौकांवरच्या शस्त्रयंत्रणांचे ते सुरक्षा अभियंता. क्षेपणास्त्र शत्रूवर नीट जाऊन पडेल ना, ही काळजी वाहायला इतर मंडळी आहेत. ते आपल्याच जहाजावर फुटू नये, ही काळजी साडूंची. पंचवीस वर्षांत त्यांच्या हातून काहीही घडलेलं नाही, आणि याचाच त्यांना अभिमान आहे. कामाबद्दल घरात चकार शब्द काढत नाहीत. सासूबाई मात्र शेजारणींना बिनदिक्कत सांगायच्या, आमचे थोरले जावई नेव्हीत तोफा सांभाळतात.

कामातला एकच नियम त्यांनी घरी आणला आणि सगळ्यांच्या नाकी नऊ आणले. जहाजावर म्हणे कुठल्याही एका यंत्राच्या सांगण्यावर विश्वास ठेवत नाहीत. तीन यंत्रं लावायची. त्यांतली दोन एकच गोष्ट बोलली की ती खरी मानायची. त्यामुळे भाईंदर पूर्वेच्या त्यांच्या दोन खोल्यांत भिंतीवर तीन घड्याळं आहेत, आणि कुठे निघायचं तर आधी मतमोजणी होते. गॅस बंद आहे का हे ते स्वतः पाहतात, मग ताईला पाहायला लावतात, मग आलेल्या पाहुण्याला. (ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. या माणसाबरोबर तिने संसार केला, तिचं कौतुक मी वेगळं काय करणार.) एकदा माझ्याबरोबर जवळच्या राई गावात मासळी घ्यायला आले. पापलेट ताजं आहे का, हे तीन कोळणींना विचारून झाल्यावर ते परत पहिलीकडे जाऊन कल्ले निरखू लागले. तिने शांतपणे सांगितलं, "भाऊ, घ्यायचा नसंल तं नका घेऊ. पन त्याला इचारू नका, तो मेलेला हाय." हा किस्सा मी प्रत्येक बारशाला सांगतो. स्वतःच्या मुलीला सांगून आलेलं स्थळही तिघांना दाखवलं. दोघांना पसंत पडलं, लग्न झालं. नापसंत करणारा मी होतो. जावई उत्तम निघाला, हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली.

गेल्या वर्षी एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "जरा येऊन जाता का? एक मत हवंय." मी भाईंदर पश्चिमेला राहतो. रिक्षा करून पोचलो, तर साडू खुर्चीत ताठ बसलेले, एक हात छातीवर. टेबलावर ब्लडप्रेशरचं यंत्र. ताई दारातच चप्पल घालून, पर्स घेऊन उभी, रडायच्या बेतात.

साडूंनी मुद्देसूद माहिती दिली. सकाळपासून छातीत दुखतंय. ही म्हणते हॉस्पिटल. यंत्र म्हणतं सगळं नॉर्मल. एकास एक झालं.

"अर्धा तास झाला भाऊजी," ताई म्हणाली. "तुमच्यासाठी थांबलेत हे."

आदल्या दिवशी त्यांनी चापलेल्या बटाटेवड्यांवरचा विनोद माझ्या जिभेवर आला होता. पण साडू माझ्याकडे बघत होते, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी म्हणेन ते होणार होतं. मी चप्पलही काढली नाही.

"चला," मी म्हणालो.

ते तडक उठले. वाद नाही, शंका नाही. गॅसचंसुद्धा विचारलं नाही.

हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी, साडू उठून बसू लागल्यावर, मी त्यांना मनसोक्त झापलं. ताई सांगत होती तेव्हाच ऐकायला काय झालं होतं? आणि तिसरं मत हवंच होतं, तर बिल्डिंगमध्ये माणसं काय कमी होती? भाईंदरच्या पार दुसऱ्या टोकाहून मलाच कशाला बोलावलं?

त्यांनी मला आधी स्टुलावर बसायला लावलं. मग म्हणाले, "तिन्ही यंत्रं एकाच कारखान्यातली कधी घेत नाहीत. एकाला जे होतं, तेच तिघांना होतं. एखादं वेगळ्या घडणीचं लागतं. ही माझ्यासाठी घाबरणारच. शेजारी माझं ऐकून माझ्यासारखेच झालेत. तुम्ही मला आयुष्यभर हसत आलात. तुम्ही 'चला' म्हणालात, तेव्हा मला पहिल्यांदा खरंच भीती वाटली."

पाणी आणतो म्हणून मी बाहेर गेलो आणि बराच वेळ आलो नाही.

त्या सकाळी मीही ताईइतकाच घाबरलो होतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं, तर पुढच्या वेळी ते दुसऱ्या कुणालातरी बोलावतील.