मॅनेजर मजीदमामूची दावत

मजीदमामू आमच्या फुटबॉल क्लबाचा मॅनेजर झाला, कारण खेळाडू म्हणून त्याचं दुसरं काही करता येण्यासारखं उरलं नव्हतं. उमेदीच्या काळात तो बॅक होता. बॉल अडवणं त्याला कष्टाचं वाटायचं, म्हणून अंगावर येणाऱ्या फॉरवर्डची तो विचारपूस करायचा. अब्बांचा गुडघा कसा आहे, बहिणीचं कुठं जमलं का. पोरगं अदबीनं उत्तर द्यायला थबकलं, की बॉल मामूच्या पायात. एवढ्या भांडवलावर त्यानं आख्खी जवानी खेळून काढली.

मॅनेजर झाल्यावर हीच कला त्यानं मोठ्या भांड्यात शिजवली. फायनलच्या दिवशी दुपारी तो समोरच्या टीमला नान-खलिया खायला बोलवायचा. आपल्या शहरात दावतीला नाही म्हणणं म्हणजे सरळ दुश्मनी. मटणाच्या त्या पिवळ्याजर्द रश्श्यात दोन नान बुडवून कुणी उठू लागलं, तर मामूचा चेहरा असा पडायचा, की बिचारा तिसरी घ्यायचा. संध्याकाळी ही मंडळी मैदानात उतरलीत असं वाटायचं नाही, कुणीतरी आणून ठेवलीत असं वाटायचं. सलग तीन वर्षं कप आमचा. पेपरात मामूच्या व्यूहरचनेचं कौतुक छापून आलं. व्यूहरचना देगेत होती, हे बातमीदाराला माहीत होतं. तोही जेवला होता.

पण क्लबाचे अध्यक्ष याह्यासेठ, टायरच्या दुकानाचे मालक, यांना मॅनेजरच्या खुर्चीत जावई बसवायचा होता. जावयानं मोबाइलवर कोचिंगचा कोर्स केला होता. सेठनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, यंदा कप गेला तर मामूची खुर्ची गेली. मामूला धडकी भरली. अख्तरीमामी त्याला ‘मॅनेजरसाब’ म्हणून चहा द्यायची. एवढ्या आयुष्यात घरात मिळालेली इज्जत ती तेवढीच.

मागच्या वर्षीच्या त्या फायनलला चितेगावची टीम पहिल्यांदाच आली. कंपन्यांत शिफ्ट करणारी शेतकऱ्यांची पोरं. मामूनं नेहमीपेक्षा मोठी देग सांगितली. ऑगस्टातला रविवार असूनही मटणाच्या दुकानात गर्दी नव्हती. का नाही, हा विचार करायचं सोडून तो नशिबावर खूश झाला.

दुपारी कॅप्टन गोकुळ पोरं घेऊन आला, दस्तरखानावर बसला, देगेचं झाकण निघालं तसे त्यानं हात जोडले.

“मामू, श्रावण हाय. आमच्यात कुणीच खात नाय.”

मग त्यांना केळी दिली. खेळाआधी केळ्यासारखं दुसरं काही नाही, हे जावयानं तिथंच मोठ्यानं सांगितलं.

आता भरली देग टाकून देणं म्हणजे गुनाह. आमच्या टीमनं तो होऊ दिला नाही. पंचांनीही हातभार लावला, सेठनीही. यजमानानं शेवटी जेवायचं असतं, म्हणून उपाशी राहिला एकटा मामू.

शेवटच्या काही मिनिटांपर्यंत कुणाचाच गोल नव्हता, ही अल्लाची मेहरबानी. तेवढ्यात आमचा बॅक पोट धरून आडवा झाला आणि पळू शकेल असा दुसरा कुणी उरला नाही. मामूनं बूट चढवले. मॅनेजरला उतरता येतं का, हे पंचांना विचारायला हवं होतं, पण ते ढेकर देत होते. गोकुळ बॉल घेऊन सुसाट आला. मामू आडवा गेला.

“गोकुळ, वडलांची तब्येत कशी हाय रे बाबा?”

“बरी हाय मामू, तुमाला सलाम सांगितलाय,” गोकुळ पळता पळताच म्हणाला, आणि त्यानं गोल मारला.

सेठ मांडवात घोरत होते. त्यांना उठवून निकाल सांगितला. जेवण लई फर्मास होतं म्हणाले, आणि मामूला काढून टाकलं.

पुढच्याच महिन्यात चितेगावनं त्याला उचललं. मॅनेजरसाब आता रोज पैठण रोडच्या बसनं जातात. इकडं जावई फळ्यावर बाण काढतो. तरी यंदाही फायनलला आम्ही आणि चितेगाव, येत्या रविवारी संध्याकाळी.

काल मामूचा निरोप आला. रविवारी दुपारी सगळ्यांनी चितेगावला यायचं, पुरणपोळी आहे, सोबत घरच्या तुपाची वाटी. जावयानं बजावलंय, कुणी जायचं नाही. कशाला बोलावलंय ते आम्हालाही कळतं. पण नाही म्हणणं बरं दिसत नाही, आणि सेठनी तर गाडीत पुढची सीट आत्ताच धरून ठेवायला सांगितलीय.