लोखंडी कंड्युटची व्याख्या

वायरमन मंडळी त्याला मास्तर म्हणत, कारण लोकांच्या बोलण्यातल्या चुका काढायची त्याला भारी खोड. दुकानात कुणी "जरा पाइप द्या" म्हटलं की हा मागून विचारणारच, "कुठला? पाण्याचा, की हुक्क्याचा?" तारा ज्या नळीतून जातात तिला कंड्युट म्हणायचं, यावरून तो हातघाईवरही यायचा.

तो निवृत्त झाल्यावर कारखान्याने त्याला एक काम दिलं. नव्या वायरमनांसाठी प्रत्येक नळीचं नाव आणि अर्थ वहीत लिहून द्यायचा. मास्तर खूश झाला आणि वही घेऊन वहिनींच्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसला. थोरला भाऊ गेल्यापासून बावीस वर्षं तो त्यांच्याकडेच जेवत होता. वहिनींनी ताट वाढायला कधी कंटाळा केला नाही.

पहिल्या दोन व्याख्या झरझर उतरल्या. प्लास्टिकची कंड्युट गंजत नाही, पण वीजही वाहून नेत नाही. फ्लेक्सिबल म्हणजे वळणारी नळी, थरथरणाऱ्या मोटरला हीच लावावी. मग लोखंडी कंड्युटची पाळी आली आणि पेन अडलं.

बावीस वर्षांपूर्वी दोघे भाऊ त्याच कारखान्यात वायरमन होते. मोटरकडे जाणाऱ्या लोखंडी कंड्युटचा हातभर तुकडा गंजून गेला होता. स्टोअरमध्ये तसा तुकडा नव्हता, म्हणून मास्तरने प्लास्टिकचा बसवला आणि काम देखणं दिसावं म्हणून वरून करडा रंगही मारला. मोटर फिरली, साहेबांनी पाठ थोपटली. पण त्या जुन्या वायरिंगला अर्थिंगची वेगळी तार नव्हती. ते काम ती लोखंडी नळीच करायची, आणि प्लास्टिकच्या तुकड्यामुळे ती वाट आता मध्येच तुटली होती. तीन महिन्यांनी मोटरच्या आतली तार उघडी पडली. करंट बाहेरच्या लोखंडावर आला आणि त्याला जमिनीत जायला वाट उरली नाही. भावाने मोटरवर हात ठेवला.

सगळे दैवाला बोल लावून मोकळे झाले. मास्तरने गुपचूप तो तुकडा बदलला आणि तोंडाला कुलूप लावलं. त्याची त्याला रोज लाज वाटायची, अगदी घास घेतानाही.

"काय हो भावजी, अडलं का?" वहिनींनी भाजी चिरता चिरता विचारलं.

त्याने खाली मान घालून लिहिलं. मग त्यांना वाचून दाखवलं. "लोखंडी कंड्युट तारा सांभाळते आणि अर्थिंग पुढे नेते. तिच्यात प्लास्टिकचा तुकडा घालू नये. मी घातला होता. त्यात माझा भाऊ गेला."

सुरी थांबली. वायरमनच्या बायकोला याहून जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

"पण ह्यांच्या नजरेला कसं आलं नाही?"

"मी वरून रंग मारला होता, वहिनी."

वहिनींनी सुरी खाली ठेवली. "खोडू नका," त्या म्हणाल्या. "नव्या माणसांना वाचू द्या."

मग त्या उठल्या आणि मांडलेल्या दोन ताटांतलं एक त्यांनी फळीवर परत ठेवलं.