आप्पांची स्कूटर आणि माझं इथेनॉल

कारखान्यात उसाच्या मळीत यीस्ट सोडायचं आणि टाकी फसफसू लागली की तिचं तापमान सांभाळायचं, हे माझं काम. त्यातूनच पुढं पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल निघतं. पण माझ्या वडलांच्या, आप्पांच्या लेखी ती दारूच. गळ्यात लिंग असलेल्या लिंगायत माणसाची पोरगी असलं काम करते, हे त्यांना कुणाला सांगवत नसे. पाहुण्यांना ते म्हणत, "साखरेच्या हापिसात हाय." मी घरी आले की आधी आंघोळ करायची, मगच देवघरात पाय ठेवायचा. मला याचा लई राग यायचा.

परवा लातूरच्या पंपावर आम्ही दोघं रांगेत होतो. पुढचा माणूस कुरकुरत होता, इथेनॉल घालून गाड्यांची वाट लावली म्हणून. आप्पांनी स्कूटर स्टँडला लावली.

"माझी पोरगी बनविती ते," ते म्हणाले. "ही काय, हितंच हाय. तक्रार असंल तर तिला सांगा."

त्या माणसानं तोंड फिरवून पाकीट काढलं.

घरी येताना स्कूटर दोनदा बंद पडली. मी काही बोलायच्या आत आप्पा म्हणाले, "प्लग जुना झालाय."

प्लग मीच गेल्या आठवड्यात बदलून आणला होता.