कुणी न पाहिलेलं गाव

उचगावहून बेळगावला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये ती रोज माझ्या शेजारी असायची. नाव मी कधी विचारलं नाही. बसली की आधी खिडकीची काच सरकवून बघायची, मग समोरच्या सीटचा दांडा हलवायची, फटीत बोटं घालायची. शेवटी मी विचारलंच, "काय हरवलंय काय गं?"

"न्हाय आक्का, सवय. व्हिडिओ गेमच्या कंपनीत हाय मी. गेम बाजारात यायच्या आधी आमी चुका हुडकतो. भिंतींना धडकायचं, दारं ढकलायची, माणूस जमिनीतनं खाली पडतंय का बघायचं."

गेम म्हणजे पोरांचे डोळे बिघडवायचा धंदा, असं माझं मत. पण तिच्या गेममध्ये एक अख्खं गाव होतं आणि तिथल्या बातम्या मी रोज ऐकायला लागले. आज म्हैस विहिरीवर तरंगली, आज देवळाच्या पायऱ्या हवेत राहिल्या. बेळगावच्या कॅम्प भागात उतरताना ती इकडच्या बायकांसारखं "येतो हं आक्का" म्हणायची. 'जातो' कधीच नाही.

एके दिवशी तिनं काचेला हात लावला नाही. पैसे घालणाऱ्यांनी गेम बाजारात आणायचाच नाही असं ठरवलं होतं.

"मग ते गाव कुणीच बघणार न्हाय?"

"न्हाय. काल शेवटचं फिरून आलो. सगळी दारं लावली. वेशीवर आलो आन् तोंडातनं 'येतो हं' निघालं बघा."

कॅम्प आला. ती आज 'येतो हं' न म्हणताच उतरली. मीच खिडकीतून म्हटलं, "ये गं."