पिन काढलेला फॅन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही... बायकोलाही नाही. बावीस प्रतिज्ञा पाठ असलेलं घर आमचं. भूत, करणी, चमत्कार यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. चिकलठाणा एमआयडीसीत मोटर मेंटेनन्सला सत्तावीस वर्षं काढलीत. यंत्र तापलं की का तापलं, ते मी हात लावून सांगतो.

मुकुंदवाडीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो, डोक्यावर पत्रे. माझी मुलगी प्रज्ञा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. लॅपटॉपवर शूटिंगचा गेम खेळायची. खेळत खेळत मुलींच्या राज्य स्पर्धेच्या ऑनलाइन फायनलला पोचली!

पण लॅपटॉप पंधरा मिनिटांत सत्त्याण्णव डिग्रीवर जायचा आणि गेम अडकायचा.

"पप्पा, लई तापतंय ओ. ऐन फाइटमध्ये हँग होतंय."

मी उघडला. फॅनच्या जाळीत धुळीची गादी जमलेली. ती ब्रशनं काढली, चिपवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. तापमान ऐंशीच्या आत आलं, गेम सरळ चालला.

शनिवारी माझी बहीण आली. म्हणाली, "दादा, पोरगी दिवसभर गोळ्या झाडती, अन् तू बंदूक साफ करून देतो व्हय?"

सगळे हसले. मला मात्र लागलं. परीक्षा पंधरा दिवसांवर होती. वाटलं, एकदा हरली की नाद सुटेल... रविवारी सकाळी प्रज्ञा आंघोळीला गेली तेव्हा मी झाकण उघडलं, फॅनच्या वायरची पिन काढली, तिला काळी टेप गुंडाळली आणि स्क्रू परत कसले. होय, मीच.

दुपारी बाराला मॅच सुरू झाली. मे महिना, कूलरचं पाणीसुद्धा कोमट. प्रज्ञा हेडफोन लावून बसली, मी मागं उभा. नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तापमानाच्या आकड्यावर. फॅनशिवाय पाच मिनिटांत अडकायला हवं होतं.

एकाहत्तर... अडुसष्ट... चौसष्ट.

मी जाळीपाशी तळहात धरला. वारा येत होता — गार, एकसारखा, फिरत्या फॅनचा.

अडीच तास! शेवटी समोर तिघी आणि ही एकटी उरली. पण काय डोकं शांत ठेवलं पोरीनं! एकेकीला गाठलं. हेडफोन फेकून ओरडली, "पप्पाऽऽ, जिंकलो आपण!" लगेच आत्याला फोन : "आत्या, बंदूक पप्पांनीच साफ केलती बरं का!"

ती पेढे आणायला खाली गेली तसं मी झाकण उघडलं. पिन मोकळीच. टेप जशीच्या तशी. तसाच गेम लावून बघितला... पातं हललं नाही, चार मिनिटांत सत्त्याण्णव, आणि लॅपटॉप बंद. मग पिन परत जोडली.

कंपनीतल्या एका साहेबांना दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं. ते म्हणाले, सेन्सर चुकला असेल. चुकला असेल — पण माझा तळहात?

परीक्षेतही ती फर्स्ट क्लासनं पास झाली. ट्रॉफीचा फोटो मी अख्ख्या कंपनीला दाखवलाय, अजून दाखवतो. माझी पोरगी आहे ती! आणि ती मात्र भेटेल त्याला सांगते, "पप्पांनी लॅपटॉप असा बनवला म्हणून जिंकले."

तो वारा कुठून आला, मला माहीत नाही. पिन कुणी काढली, ते माहीत आहे. ते प्रज्ञाला समोर बसवून सांगायचं अजून राहिलंय.