मुकादमाची मिरची आणि सुनेची मच्छरदाणी

आमच्या टोळीच्या मुकादमाला सगळे लोखंड म्हणत. हे नाव त्याने स्वतःच स्वतःला दिलं होतं. उद्या कोणाला कुठलं काम मिळणार हे तोच ठरवायचा, त्यामुळे आम्हीही ते मुकाट्याने वापरायचो. मला लिहायची सवय नाही. आठवतं तसं सांगतो.

आमच्या पत्र्याच्या खोल्या कालव्याला लागून होत्या. समोर शेत, मागे साचलेलं पाणी. आत उकडायचं म्हणून पुरुष बाहेर ओळीने झोपत. दर पंधरवड्याला कोणीतरी थंडी वाजून आडवं पडायचं. लोखंडाच्या मते त्या माणसाचं रक्तच कच्चं असायचं. मलेरिया हा शब्द तो फक्त नर्सबाईंची नक्कल करताना उच्चारायचा.

नर्सबाईंनी घरटी एक मच्छरदाणी वाटली. लोखंडाने त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की जाळीत झोपतो तो माणूस नव्हे, टोपलीखालची कोंबडी. नुकतंच लग्न झालेला एक गडी तरीही जाळीत झोपला. सकाळी कामाची वाटणी होताना लोखंडाने कोंबडीसारखा आवाज काढला, त्याच्या हातात खुरपं दिलं आणि त्याला बायकांबरोबर निंदायला पाठवलं. सगळे पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी त्याच्या मच्छरदाणीत गवताचा भारा बांधलेला दिसला. कोणी आपल्या जाळीत मासे धरले. माझी धान्याच्या पोत्यांवर पसरलेली होती, तेव्हा मी कोणाला नावं ठेवू नयेत हेच बरं.

लोखंडाची स्वतःची मच्छरदाणी मिरचीवर होती. मालकाने विहिरीजवळचा एक तुकडा त्याला दिला होता. तिथे त्याने रोपं टाकली, वर काठ्यांच्या कमानी केल्या, त्यांवर जाळी ताणली आणि कडा चिखलात दाबल्या. आधी दोन वेळा पांढऱ्या माशीने त्याची रोपं खाल्ली होती. भेटेल त्याला तो समजावायचा, "एक माशी पुरे. आजारी रोपाचा रस पिते, चांगल्या रोपावर बसते, की ते गेलं." इतकं नीट सांगायचा की नर्सबाईंनीही त्याच्याकडे शिकायला बसावं.

त्याच्या सुनेला सहावा महिना होता. चौथ्यात तिला ताप येऊन गेला होता आणि पुन्हा आला तर पोटातल्या बाळाचं काही सांगता येणार नाही, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. तिने नवऱ्याकडे मच्छरदाणी मागितली. नवरा ट्रॅक्टर चालवायचा, पण घरात त्याची किल्ली बापाच्या खिशात. तो म्हणाला, बाबांना विचार. बाबा म्हणाले, मच्छरदाणी कामात आहे, धूर करून झोप. तिने धूर केला. डास तिथेच राहिले आणि ती खोकत बाहेर आली.

एका सकाळी वाटणीसाठी आम्ही सगळे उभे होतो. लोखंड एका नव्या मजुराला माशीचं पुराण ऐकवत होता. सून पाण्याची घागर घेऊन आली. तिने पुराण शेवटपर्यंत ऐकलं आणि घागर खाली ठेवली.

"मामंजी, माशी आजारी रोपाचा रस पिऊन चांगल्या रोपावर बसते ना?"

"बसते."

"आणि डास?"

आम्ही आपापल्या पायांकडे पाहू लागलो. लोखंड मग म्हणाला, "रोप नाजूक असतं. माणसाचं तसं नसतं."

"माझ्या पोटातल्याने अजून तुमच्या रोपाएवढंही मूळ धरलेलं नाही," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता.

ती विहिरीकडे गेली, कमरेला हात लावून कष्टाने खाली बसली आणि चिखलातून जाळीच्या कडा एकेक करून सोडवल्या. मदतीला कोणी गेलं नाही. नवराही नाही. लोखंड दोन पावलं पुढे झाला आणि थबकला. पोटुशा सुनेच्या हातातून रोपांसाठी जाळी ओढायची, तीही चाळीस माणसांदेखत, हे लोखंडालाही जड गेलं असावं. मग तो आमच्यावरच खेकसला, की इथे काय तमाशा चाललाय, कामाला लागा.

तिने मच्छरदाणी धुतली, सावलीत वाळवली, तीन ठिकाणी दोऱ्याने सांधली आणि खोलीत चार खिळ्यांना बांधली. दोन आठवड्यांत मिरचीची पानं आकसली. लोखंडाने एकेक रोप स्वतः उपटलं, आणि प्रत्येक वेळी माशीच्या सात पिढ्या उद्धरल्या.

सुनेला पुन्हा ताप आला नाही. मुलगी झाली. नर्सबाईंनी तिला काट्यावर ठेवलं, वजन चांगलं भरलं. मच्छरदाणी वापरलीस का, असं त्यांनी विचारलं. सुनेने तोंड उघडायच्या आत लोखंड दारातून म्हणाला, "आमच्या घराण्याचं रक्तच तसं आहे, बाई."

 सुनेने मच्छरदाणी बाळावर ओढली आणि कडा चटईखाली खोचल्या. लोखंड बाहेर येऊन आम्हाला घराण्याच्या रक्ताबद्दल सांगत राहिला. आम्ही पोटऱ्या खाजवत माना डोलावत होतो.